आभाळाची वजाबाकी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला बजावले, "आठवणी पुष्कळ जमल्या आहेत. तू तुझ्या विषयातले काहीतरी लिही." माझा विषय विज्ञान. ३५ वर्षे तो याच भागातल्या मुलांना शिकवला. आपल्या तुकडीतले बहुतेक जण पुण्या-मुंबईला गेले, काही परदेशी पोहोचले, मी इथेच राहिलो. म्हणून आपल्याच भागातल्या एका डोंगरापर्यंत येऊन पोहोचणारा इतिहास लिहितो. त्याची सुरुवात मात्र आपल्या प्रयोगशाळेतून करावी लागेल, आणि त्यात माझी एक लबाडी आहे, तीही सांगावी लागेल.

आपण नववीत होतो. विज्ञानाच्या सरांनी खिडकीच्या फळीला भोक पाडून उन्हाची तिरीप आत घेतली होती आणि तिच्यासमोर लोलक धरला होता. टेबलावर सप्तरंगी पट्टा पडला. सरांनी तीन थर्मामीटर घेतले, त्यांच्या फुग्यांना कंदिलाची काजळी लावली. एक निळ्या रंगात, एक तांबड्यात आणि तिसरा तांबड्याच्या जरा पलीकडे, जिथे काहीच उजेड नव्हता. आकडे लिहायचे काम माझ्याकडे होते. तिसऱ्या थर्मामीटरचा आकडा सर्वांत जास्त आला. मला वाटले, अंधारातला पारा उजेडातल्या पाऱ्याच्या वर कसा जाईल? मी खोडरबराने तो आकडा पुसला आणि दोन अंश कमी करून लिहिला.

सरांना वहीवरचा काळपट डाग दिसला. "काय पुसलंस रे?"

"सर, चुकलं होतं."

"कोण चुकलं? तू, का थर्मामीटर?"

मी गप्प राहिलो. सरांनी तांबड्या शाईने लिहिले, 'पुन्हा मोजा', आणि वही परत दिली. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आले, पुढे सहामाही आली, आणि ते मोजणे राहून गेले.

पुढे शिक्षक झाल्यावर समजले की सरांनी आमच्याकडून विल्यम हर्शेल यांचा १८०० सालचा प्रयोग करवून घेतला होता. युरेनस शोधणारे तेच हर्शेल. इंग्लंडमध्ये त्यांनी उन्हाच्या निरनिराळ्या रंगांत थर्मामीटर ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, डोळ्याला काही दिसत नाही तिथे, पारा जास्त चढला. त्यांनी तो आकडा पुसला नाही. डोळ्याला न दिसणाऱ्या त्या प्रकाशाला आज आपण अवरक्त म्हणतो.

सूर्याची गोष्ट सोपी होती, कारण त्याची ऊब आपल्या पाठीलाही कळते. ताऱ्यांची आणि चंद्राची ऊब पकडणे अवघड. चार्ल्स पियाझी स्मिथ हे खगोलशास्त्रज्ञ १८५६ साली त्यासाठी तेनेरीफ बेटावरच्या डोंगरावर चढले आणि तिथून त्यांनी चंद्राचे अवरक्त किरण टिपले. डोंगरावर चढण्याचे कारण आजही तेच आहे. हवेतली वाफ अवरक्त किरण गिळते. जितके वर जावे तितकी वाफ कमी. वाफ सगळेच किरण गिळत नाही, मधेमधे काही फटी राहतात. १९६०च्या दशकात हॅरॉल्ड जॉन्सन यांनी या फटींना जे, के, एल अशी अक्षरे दिली, पुढे एच त्यांच्यात आला. जे सव्वा मायक्रॉनच्या आसपास, के २.२ मायक्रॉनच्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोळ्याची धाव साधारण ०.७ मायक्रॉनला संपते. तिथून पुढच्या पहिल्या टप्प्याला निकट अवरक्त म्हणतात.

या टप्प्यात आकाशाचा मोठा भाग पहिल्यांदा धुंडाळला गेला तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर. जेरी नॉयगेबाउअर आणि रॉबर्ट लेटन यांच्याजवळ मोठा काचेचा आरसा घेण्याइतका पैसा नव्हता. बादलीतले पाणी गरगर फिरवले की मधे खोलगट होते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यांनी इपॉक्सी राळ तशीच फिरवत ठेवून घट्ट होऊ दिली, वर ॲल्युमिनियमचा थर दिला आणि ६२ इंचांचा आरसा तयार केला. त्यामागे कॅमेरा नव्हता, लेड सल्फाइडचे मोजके डिटेक्टर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी कामासाठी विकसित झालेली ही वस्तू. १९६९ साली त्यांची यादी छापली गेली, तीत ५,६१२ उगम होते. त्यांतले काही साध्या दुर्बिणीतून जेमतेम दिसणारे, धुळीत गुरफटलेले तारे होते.

त्याच काळात एरिक बेकलिन नावाचा एक संशोधक विद्यार्थी आकाशगंगेच्या केंद्राकडे वळला. तिकडून येणारा दृश्य प्रकाश वाटेतली धूळ जवळजवळ पूर्ण अडवते. लाख कोटी कणांतला एखादा पोहोचतो. २.२ मायक्रॉनला मात्र दहातला एक येतो. बेकलिन यांच्याकडे चित्र काढणारे यंत्र नव्हते. एकच डिटेक्टर आकाशावरून रेघेरेघेने सरकवायचा आणि उजेड कमी-जास्त होतो तो नोंदवत जायचे. १९६६ मध्ये अशाच नोंदींतून आकाशगंगेचे केंद्र पहिल्यांदा अवरक्तात सापडले. पुढे याच जागेवर रोखलेल्या निकट अवरक्त कॅमेऱ्यांनी तिथल्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षे मोजल्या. एक तारा १६ वर्षांत एक फेरी पुरी करतो. त्यावरून केंद्रात सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमान एवढ्याशा जागेत दाटले आहे हे ठरले. त्याबद्दल राइनहार्ट गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांना २०२०च्या भौतिकीच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

एका डिटेक्टरच्या जागी डिटेक्टरांची जाळी आली ती १९८०च्या दशकात. हवाईतल्या ब्रिटिश अवरक्त दुर्बिणीवर १९८६ साली ५८ बाय ६२ घरांचा कॅमेरा बसला. अशा कॅमेऱ्यावर काम कसे चालते, ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या खोडरबराचा संबंध तिथेच येतो.

पहिली अडचण ही की कॅमेरा स्वतःच गरम असतो. अवरक्तात प्रत्येक कोमट वस्तू उजळते. म्हणून डिटेक्टर आणि फिल्टर निर्वात भांड्यात ठेवून थंड करतात. आधी हवा काढायची, मग तासन्‌तास थंड होऊ द्यायचे. घाई केली तर उरलेली वाफ आत गोठते. दुसरी अडचण आभाळाची. रात्रीचे आकाश अवरक्तात काळे नसतेच. उंच हवेतले हायड्रॉक्सिल रेणू सतत चमकत असतात आणि ती चमक मिनिटामिनिटाला बदलते. के पट्ट्यात आणि पुढे घुमटातली हवा, दुर्बिणीचा सांगाडा, खुद्द आरसाही उजळतो. पहिले चित्र पडद्यावर येते तेव्हा अंधुक तारे दिसतच नाहीत. दिसतो तो करडा उजेड.

मग काय करायचे? चित्र थोडा वेळच घ्यायचे, नाहीतर आभाळच कॅमेरा भरून टाकते. एल पट्ट्यात तर सेकंदाच्या लहानशा अंशात आटोपावे लागते. एक चित्र झाले की दुर्बीण किंचित सरकवायची, दुसरे घ्यायचे, पुन्हा सरकवायची. अशी पाच चित्रे घेतली की तारा प्रत्येक वेळी वेगळ्या घरात पडतो. आता कोणतेही एक घर घ्या. पाचांपैकी एखाद्या चित्रात तिथे तारा असेल, बाकीच्यांत नुसते आभाळ. पाच मुलांचे गुण ओळीने लावून मधला घ्यावा, तसा मधला आकडा घेतला की तारा गळतो आणि आभाळ उरते. ते आभाळ प्रत्येक चित्रातून वजा करायचे, मग चित्रे जुळवून बेरीज करायची. तेव्हा कुठे तारे वर येतात. लक्ष्य मोठा तेजोमेघ असेल तर चित्रात मोकळे आभाळ सापडतच नाही. मग दुर्बीण बाजूला नेऊन रिकाम्या आकाशावर तेवढाच वेळ घालवावा लागतो. निम्मी रात्र अशी रिकाम्या जागेची चित्रे घेण्यात जाते, आणि ती चित्रेही सांभाळून ठेवायची असतात.

हे वाचताना मला माझी प्रयोगवही आठवली. नको असलेला आकडा त्यांनाही काढायचाच असतो. पण तो आधी नीट मोजून, लिहून ठेवून, मग वजा करतात. मी न मोजताच पुसला होता.

आता आपल्या डोंगराकडे येतो. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, आपल्याच भागात, गिरवलीच्या डोंगरावर आयुका या संस्थेची २ मीटरची दुर्बीण आहे. २००६ साली तिचे लोकार्पण झाले. खोडदच्या तबकड्या सगळ्यांना माहीत असतात, पण या घुमटाविषयी आपल्यातल्याच अनेकांना ठाऊक नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अवरक्त खगोलशास्त्र गटाने तयार केलेला टिरकॅम-२ हा कॅमेरा या दुर्बिणीवर लावून तपासला गेला. त्याच्या आधीच्या टिरकॅमची जाळी ५८ बाय ६२ घरांची, म्हणजे ३,५९६ घरे. टिरकॅम-२ ची जाळी ५१२ बाय ५१२, म्हणजे २,६२,१४४ घरे. तो बंद चक्रातल्या हेलियमने उणे २३८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला जातो. १ पासून ३.७ मायक्रॉनपर्यंत तो पाहू शकतो. एवढ्या लांब का? तर काजळीत आणि धुरात सापडतात त्या जातीचे कार्बनी रेणू ताऱ्यांमधल्या धुळीतही असतात आणि ३.३ मायक्रॉनला उजळतात. त्यांचे नकाशे काढणे हा मुख्य हेतू होता. गिरवलीच्या आणि अबूजवळच्या गुरुशिखरावरच्या १.२ मीटर दुर्बिणीवरच्या चाचण्यांचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला.

पण गिरवलीची उंची सुमारे १,००० मीटर. इथला उन्हाळा आणि पावसाळा आपल्याला सांगायला नको. निकट अवरक्ताच्या लांबच्या टोकाला जी थंड, कोरडी, विरळ हवा लागते, ती जास्त उंचीवर मिळते. २०१६ साली उत्तराखंडात नैनितालजवळ देवस्थळ इथे २,४५० मीटर उंचीवर ३.६ मीटरची दुर्बीण सुरू झाली आणि टिरकॅम-२ तिकडे गेला. तिथे त्याला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सुमारे विसाव्या भागाएवढाच. तेवढ्या तुकड्यात तो नवे तारे जन्मतात ते धुळीचे ढग पाहतो.

कॅमेरा गेल्याचे कळले तेव्हा मला थोडे वाईट वाटले होते, खोटे कशाला बोलू? चांगली मुले दहावी झाली की गाव सोडतात, तसे. पण आपली क्षमता किती आणि आपल्यावर पडणारा उजेड किती, याचा हिशेब त्याने ज्या थोड्या जागी केला, त्यांत आपला डोंगर आहे, आणि ते छापील अहवालात नोंदलेले आहे. मी वर्गात हे दरवर्षी सांगत आलो. लोलकाचा प्रयोगही दरवर्षी केला. दरवर्षी कोणी ना कोणी तिसऱ्या थर्मामीटरकडे संशयाने पाहते. सरांचा प्रश्न मी त्यांना विचारतो. माझी वही मात्र कधी दाखवली नाही.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी ऊन असले तर जुन्या प्रयोगशाळेत मी लोलक आणि तीन थर्मामीटर मांडून ठेवणार आहे. आपले सर आता नाहीत, पण 'पुन्हा मोजा' अजून बाकी आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावे. आकडे पेनाने लिहायचे आहेत.

– दहावी, १९७९ची तुकडी