दहा सेंटचे पत्ते

आमच्याकडे पत्ते म्हणजे मे महिन्याची सुट्टी. बदाम सात, मेंढीकोट, आणि मोठी माणसं झोपली की तीन पत्ती, तीही काडेपेटीतल्या काड्यांवर. घरात कॅट एकच. त्यातला इस्पिकचा गुलाम हरवलेला, म्हणून जोकरवर पेनाने 'गुलाम' लिहिलेलं. पण काकांना जे पान येऊ शकतं तेच मलाही येऊ शकतं, याबद्दल कधी कुणाला शंका नव्हती. हरलो तर नशीब नाहीतर डोकं, दोष तिसऱ्या कुणाचा नाही.

मागच्या वर्षी सहा महिने ऑनसाइटला होतो, सिअ‍ॅटलजवळ. विकेंडला करायला काही नाही, बाहेर पाऊस. अपार्टमेंटच्या मागे पत्त्यांचं एक दुकान होतं, तिथे 'मॅजिक: द गॅदरिंग' चालायचं. (हा खेळ काढणारी विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनीही त्याच भागातली.) पहिल्याच दिवशी कळलं की इथे एका कॅटमधून पत्ते वाटत नाहीत. प्रत्येकाने आपापला कॅट, म्हणजे डेक, घरून आणायचा. आणि पत्ते विकत घ्यायचे. माझ्या शेजारच्या टेबलावरचा डेक मी रुपयांत गुणून पाहिला तर आमच्या गावाकडे तेवढ्यात चांगली मोटरसायकल आली असती!

म्हणजे मेंढीकोट खेळायला बसलो आणि समोरच्याने घरून चारही एक्के आणले, तसंच की हे.

पर डिएममधून वाचवलेल्या पैशांवर माझं घरी पाठवायचं गणित ठरलेलं होतं, त्यामुळे मी काउंटरवरच्या गड्याला सरळ विचारलं, कमी पैशात जिंकता येतं का? तो हसला. एका खोक्याकडे बोट दाखवून म्हणाला, दहा सेंटला एक, आणि जिंकायचं असेल तर कॉम्बो खेळ. त्या रात्रीपासून मी या कॉम्बोचा इतिहास खोदत बसलोय. आजचा निबंध त्याचाच.

आधी जुजबी नियम. प्रत्येकाकडे २० लाइफ, शून्यावर आला तो हरला. आपल्या पाळीत जमिनीचा एक पत्ता मांडायचा. जमिनीतून 'माना' मिळतो, तो खर्चून बाकीचे पत्ते खेळायचे. डेक कमीत कमी ६० पत्त्यांचा आणि एका नावाचे जास्तीत जास्त ४ (साध्या जमिनी सोडून). सर्वसाधारण खेळाडू प्राणी मांडतो, हल्ले करतो, हळूहळू समोरच्याला संपवतो. कॉम्बोवाला वेगळा. त्याचे पत्ते सुटे पाहिले तर भंगार, पण ठरावीक दोन-तीन एकत्र आले की डाव तिथेच खलास.

हा खेळ १९९३ साली बाजारात आला. करणारा रिचर्ड गारफील्ड हा गणिताचा माणूस, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातली डॉक्टरेट, विषय कॉम्बिनेटोरिक्स. म्हणजे निवडी आणि जोडण्या मोजण्याचं शास्त्र! त्याच्या खेळात जोडण्यांमधून भूत निघणारच होतं. ते पहिल्याच संचात निघालं.

त्या भुताचं नाव चॅनल-फायरबॉल. 'चॅनल' या पत्त्याने आपलं एक लाइफ देऊन एक माना घेता येतो. 'फायरबॉल'मध्ये जेवढा माना ओताल तेवढी समोरच्याला इजा. आणि 'ब्लॅक लोटस' हा फुकट खेळायचा पत्ता एकदाच तीन माना देतो. आता हिशोब बघा. पहिल्या पाळीत एक डोंगर आणि लोटस. लोटसचे दोन माना चॅनलला गेले, एक उरला. आपले १९ लाइफ दिले, १९ माना आले. झाले २०. डोंगराचा एक माना फायरबॉलचा मूळ खर्च. इजा बरोबर २०. समोरच्याने अजून पत्तेही नीट लावलेले नाहीत आणि तो मेलेला!

यातला लोटस म्हणजे हत्ती. २०२१ च्या जानेवारीत त्याची पहिल्या छपाईची एक प्रत ५,११,१०० डॉलरला विकली गेली. पण मला मजा वाटली ती पुढच्या गोष्टीची. लोटस काढून टाका. तीन साध्या जमिनी मांडून तिसऱ्या पाळीत हेच करा. चॅनल, १९ लाइफ, फायरबॉल, इजा १९. म्हणजे समोरच्याला त्याआधी एक टोचणी लागलेली असली की काम तमाम. फायरबॉल कॉमन, चॅनल अनकॉमन. मग त्या लोटसने नक्की काय विकत घेतलं? दोन पाळ्या आणि एक लाइफ. बस्स. जिंकण्याची युक्ती स्वस्त पत्त्यांतच होती, पैशाने फक्त वेग आला.

(वेग महत्त्वाचा नाही असं नाही हं. ज्याने सर्व्हर स्लो असताना डेमो दिलाय त्याला विचारा :))

पुढचा टप्पा १९९७, प्रो टूर पॅरिस. माइक लाँग 'प्रॉस्पेरस ब्लूम' नावाचा डेक घेऊन ती स्पर्धा जिंकला. 'कॅडॅव्हरस ब्लूम' मांडलेला असला की हातातला एक पत्ता टाकून दोन माना मिळतात. 'प्रॉस्पेरिटी'त जेवढा माना ओताल तेवढे पत्ते हातात येतात, वर एक मूळ खर्च. म्हणजे दहा पत्त्यांचे वीस माना, वीस मानांचे एकोणीस पत्ते, एकोणिसांचे अडतीस माना... बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आठवली ना? शेवटी साचलेला सगळा माना 'ड्रेन लाइफ' या कॉमन पत्त्यात ओतायचा. मोठ्या व्यासपीठावर कॉम्बोची दहशत बसली ती इथून.

मग १९९८ चा ऑक्टोबर, 'उर्झाज सागा' हा संच. यात कंपनीने एक प्रयोग केला. पत्ता खेळला की खर्चलेल्या जमिनी परत उभ्या राहतात, म्हणजे पत्ता जवळजवळ फुकट. त्याच संचात 'टोलेरियन अकॅडमी' ही भरमसाट माना देणारी जमीन. तो हिवाळा खेळाडूंच्या तोंडी 'कॉम्बो विंटर' म्हणून राहिला. पहिल्या-दुसऱ्या पाळीत डाव संपायला लागले, माणसं खेळ सोडायला लागली. डिसेंबरमध्ये अकॅडमीवर बंदी जाहीर झाली. लगेच १९९९ च्या फेब्रुवारीत 'मेमरी जार' आला, त्याच्यावर तर मार्चमध्येच तातडीने बंदी. आपल्या भाषेत सांगायचं तर रिलीजनंतर हॉटफिक्स.

कॉम्बोचा एक शत्रू असा झाला, बंदी. दुसरा शत्रू बाजार.

त्याची गोष्ट एका हिऱ्याची. १९९६ च्या 'मिराज' संचात 'लायन्स आय डायमंड' नावाचा रेअर पत्ता होता. लोटससारखाच, फुकट खेळा आणि तीन माना घ्या. अट एकच, हातातले सगळे पत्ते फेकायचे. मग त्या मानाचं करायचं काय, लोणचं? लोक हसले, पत्ता खोक्यात गेला. पुढे २००३ मध्ये 'स्कर्ज' संचात 'स्टॉर्म' ही कल्पना आली. या पाळीत आधी जितके पत्ते खेळले गेले, तितक्या जास्तीच्या प्रती स्टॉर्मच्या पत्त्याच्या होतात. आता फुकट पत्ता म्हणजे सोनं, आणि हात रिकामा करण्यावरही खेळाडूंनी तोड काढली. खोक्यातला हिरा आज काही शे डॉलरला जातो.

महाग झाला तर कंपनीने पुन्हा छापावा की! इथे मेख आहे. १९९५ साली 'क्रॉनिकल्स' संचात जुने पत्ते परत छापले, त्यांच्या किमती पडल्या आणि संग्राहक खवळले. तेव्हा १९९६ मध्ये कंपनीने 'रिझर्व्ह्ड लिस्ट' काढली. यातले पत्ते पुन्हा कधीही छापणार नाही, असं वचनच दिलं. हिरा त्या यादीत आहे. ज्याने साठवून ठेवलाय त्याचं भलं, आणि कालपरवा खेळ शिकलेल्या पोराने काचेतून बघायचं.

म्हणजे स्वस्त कॉम्बोचं आयुष्य असं. कुणाला तरी खोक्यात जोड दिसते. तो जिंकतो. मग एकतर भाव चढतो नाहीतर बंदी येते. स्वस्ताई टिकते ती बाकीच्यांचं लक्ष जाईपर्यंत. बजेटवाल्याचं खरं भांडवल हेच, की इतरांच्या आधी बघणं.

यावर काही खेळाडूंनी वेगळाच उपाय काढला. कित्येक वर्षं पाकिटाचा हिशोब साधारण असा होता, ११ कॉमन, ३ अनकॉमन, १ रेअर. पैसा सगळा त्या शेवटच्या एकात. मग फक्त कॉमनच खेळू या की! 'मॅजिक ऑनलाइन'वर खेळाडूंनी स्वतःच सुरू केलेला हा प्रकार २००८ च्या शेवटी तिथे अधिकृत झाला, नाव 'पॉपर', म्हणजे कंगाल. २०१९ मध्ये कागदी पत्त्यांसाठीही त्याला मान्यता मिळाली.

आता सगळेच कंगाल म्हटल्यावर कॉम्बोवाले गप्प बसले असतील? छे. २००६ मधले 'ग्रेपशॉट' आणि 'एम्प्टी द वॉरन्स' हे स्टॉर्मचे पत्ते कॉमनच होते. पॉपरमध्ये त्यांनी इतका उच्छाद मांडला की २०१३ मध्ये दोघांवर बंदी आली. २०१६ च्या जूनमध्ये 'पेरेग्रिन ड्रेक' कॉमन म्हणून छापला गेला. हा त्याच 'उर्झाज सागा'तला, पाच जमिनी परत उभ्या करणारा. त्याच्या जोडीला 'आर्किओमॅन्सर' आणि तीन मानाचा 'घोस्टली फ्लिकर' घ्या. फ्लिकरने दोन्ही प्राणी क्षणभर बाहेर जाऊन परत येतात, ड्रेक पाच जमिनी उभ्या करतो, आर्किओमॅन्सर फ्लिकर हातात परत देतो. तीन खर्च, पाच जमा. सरळसरळ इन्फिनिट लूप, फक्त इथे प्रोग्रॅम हँग न होता समोरचा होतो. नोव्हेंबरात बंदी. २०२१ मध्ये 'चॅटरस्टॉर्म' नावाची खारींची फौज आली, तीही तीन-चार महिन्यांत बाहेर. कंगालांच्या वस्तीतही बंदी यायचीच, पण ती आली तर बुडतात दहा सेंट, हा फरक.

असो. माझ्या डेकचं सांगतो. 'टायरलेस ट्राइब' हा एक मानाचा १/१ प्राणी, म्हणजे ताकद १, सहनशक्ती १. हातातला एक पत्ता फेकला की त्या पाळीपुरती सहनशक्ती ४ ने वाढते. 'इनसाइड आउट' ताकद आणि सहनशक्तीची अदलाबदल करतो. पाच पत्ते फेका, १/२१. उलटा करा, २१/१. 'शॅडो रिफ्ट' टाकला की त्याला सहसा कुणी अडवू शकत नाही. तिन्ही कॉमन.

कागदावर भारी. पण ६० मध्ये चार प्रती असलेलं एक ठरावीक पान पहिल्या सात पत्त्यांत असण्याची शक्यता ४० टक्के. ट्राइब आणि इनसाइड आउट दोन्ही पहिल्या दहा पत्त्यांत असण्याची शक्यता जेमतेम २६-२७ टक्के. म्हणून अर्धा डेक नुसता पत्ते शोधण्यासाठी लागतो. पॉन्डर, प्रीऑर्डेन, ब्रेनस्टॉर्म, सगळे कॉमन. जोड कुणालाही दिसते, ती वेळेवर हातात आणणं हे खरं काम.

पहिल्या पॉपर संध्याकाळी पहिला डाव जिंकलो. तिसऱ्या पाळीत, २१! दुसऱ्या फेरीत समोर पन्नाशीचे एक गृहस्थ. ट्राइब मांडला, रिफ्ट टाकला, हल्ला केला आणि उत्साहाच्या भरात पाच पत्ते आधीच फेकून दिले. मग इनसाइड आउट. त्यांनी शांतपणे दोन जमिनी आडव्या केल्या, 'डायबॉलिक एडिक्ट'. माझा एक प्राणी मीच बळी द्यायचा. माझ्याकडे होताच एक. हातही जवळजवळ रिकामा. डाव संपला.

नंतर त्यांनी मला समजावलं. नियमांत अदलाबदल सगळ्यात शेवटी मोजतात. त्यामुळे आधी उलटा कर, मग फेक, तरी उत्तर तेच. पत्ते फेकायची घाई कधीच नको, समोरचा काय करतो ते आधी बघ. बेरीज आधी की अदलाबदल आधी... ऑपरेटर प्रिसिडन्स! इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरला शिकलेलं, आणि मी तिथे पडलो.

घरी चालत येताना लक्षात आलं की मला हरल्याचं अजिबात वाईट वाटत नाहीये. एडिक्टही कॉमन. त्याच दहा सेंटच्या खोक्यात होता, मी दोनदा हातात घेऊन परत ठेवला होता. त्यांनी मला पैशाने हरवलं नव्हतं. त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. खूप वर्षांनी पत्त्यांत कुणीतरी मला काकांसारखं हरवलं.

डेक सोबत पुण्याला आणलाय. रूममेटला शिकवतोय, तो अजून ट्राइबला पानटपरीवरचा पोरगा म्हणतो. पुढच्या शनिवारी पाऊस असला तर दोन डाव टाकू. आणि हो, एडिक्ट चार आणलेत. ते त्याच्या डेकमध्ये घातलेत.