आठवीतलं बीजगणित

अमेरिकेत कॉलेजच्या गणिताचा निकाल बराचसा आठवीतच लागतो. आठवीत बीजगणित शिकलेलं मूल एकेक पायरी चढत बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचतं. ज्याच्या वाट्याला तेव्हा नुसतं अंकगणित येतं, त्याला इंजिनिअरिंगच्या दारापर्यंत पोचायलाच उशीर होतो. कृष्णवर्णीय मुलं वर्षानुवर्षं या मागच्या रांगेतच जास्त दिसत आली आहेत. ‘त्यांची तयारीच नसते,’ असं त्यावर सहज म्हटलं जातं.

या वाक्याचं मूळ मला सापडलं ते बॉब मोझेस यांच्या आयुष्यात. न्यूयॉर्कचे हे गणितशिक्षक १९६१मध्ये कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी करायला मिसिसिपीत गेले. तिथे नोंदणीसाठी राज्यघटनेतल्या एखाद्या कलमाचा अर्थ सांगावा लागे. कलम कोणतं द्यायचं आणि उत्तर बरोबर की चूक, हे गोरा अधिकारी ठरवी. ज्यांना राज्याने धड शाळाच दिल्या नाहीत, त्यांना तेच राज्य अडाणी ठरवून मत नाकारत होतं. अखेर १९६५च्या मताधिकार कायद्याने तिथल्या या परीक्षेला चाप बसला.

पुढे मोझेस काही वर्षं टांझानियात शिकवून परतले आणि मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला राहू लागले. १९८२मध्ये त्यांची मुलगी आठवीत गेली, तर शाळेत बीजगणितच नव्हतं. मग ते स्वतःच वर्गात शिकवू लागले. त्यातून ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा राहिला.

मुलं कुठे अडतात, हे त्यांनी नीट पाहिलं. अंकगणितात प्रश्न एकच असतो: किती? बीजगणितात दुसराही येतो: कुठल्या दिशेने? म्हणून ते मुलांना मेट्रोने फिरवून आणत. एक स्टेशन शून्य धरायचं. एका बाजूची स्टेशनं अधिक, दुसऱ्या बाजूची उणे. मुलांनी आधी त्या प्रवासाचं चित्र काढायचं, मग आपल्या बोलीत तो सांगायचा, आणि चिन्हं सगळ्यात शेवटी.

मोझेस यांच्या लेखी गणित येणं हा मताइतकाच नागरी हक्क होता. मला ते पटतं, कारण दोन्ही दारांवर पाटी एकच होती: ‘तुमची तयारी नाही.’ ती तयारी करून घेण्याचं काम कोणाचं होतं, हे मात्र कोणी विचारत नव्हतं.

मोझेस पुन्हा मिसिसिपीत गेले. या वेळी जॅक्सनमधल्या एका हायस्कूलमध्ये, बीजगणित शिकवायला.