मोजणी आणि दप्तर

गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय चेन्नईत बदलून आलेल्या आम्हा मराठी मंडळींस परिचितच असते. 1794 साली मद्रासेत निघालेली मोजणीशाळा हे त्याचे मूळ होय. गिंडीजवळच सेंट थॉमस माउंटची टेकडी आहे. तिच्या परिसरात 10 एप्रिल 1802 रोजी विल्यम लॅम्बटनने सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजावयास प्रारंभ केला आणि हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घातला.

त्याचा थिओडोलाइट लंडनच्या केरी या कारागिराचा. 1808 साली तंजावरच्या देवळावर चढविताना तो आदळून वाकला, तेव्हा लॅम्बटनने स्वतः खपून तो दुरुस्त केला. विकणारा दूर होता. परंतु यंत्र आणि नोंदवह्या मोजणाऱ्यापाशीच होत्या. म्हणूनच 1823 साली आपल्या हिंगणघाटास लॅम्बटन वारला, तरी त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याला काम पुढे नेता आले.

आज आमच्या कार्यालयांना निराळी मोजणी करावी लागते. संकेतस्थळावर किती वाचक आले आणि कोणते पान पाहून परतले, ती ही मोजणी. आरंभीची साधने कार्यालयाच्याच सर्व्हरवरील नोंदी वाचून हे सांगत. अर्चिन हे त्यांपैकी एक. 2005 साली गूगलने ते विकत घेतले व त्याच वर्षी गूगल अॅनालिटिक्स विनामूल्य खुले केले. सोय मोठी झाली. मात्र नोंदी विक्रेत्याच्या यंत्रांत साठू लागल्या. 2012 साली अर्चिनची विक्रीही थांबली.

पुढे 1 जुलै 2023 रोजी गूगलच्या जुन्या पद्धतीची सर्वसाधारण मोजणी बंद पडली, आणि जुलै 2024 पासून तिचे आकडेही दिसेनासे झाले. नव्या पद्धतीत मोजण्याचे एककच बदलले असल्याने जुने आकडे तीत आले नाहीत. सूचना मार्च 2022 मध्येच मिळाली होती, तेव्हा दगा झाला असे म्हणता येणार नाही. तथापि ज्यांनी आकडे उतरवून घेतले नाहीत, त्यांच्या मागील वर्षांची तुलना कायमची बुडाली.

उपाय आहेत. 2007 साली पिविक नावाने निघालेले मॅटोमो हे साधन स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते. तेही न जमल्यास वर्षअखेरीस आकडे उतरवून ठेवावेत. बदली होताच आम्ही कार्यभाराच्या यादीत कपाटांच्या किल्ल्यासुद्धा लिहितो. त्याच यादीत या आकड्यांचीही एक ओळ असावी. नंतर येणाऱ्यास काम जेथे थांबले तेथूनच पुढे नेता येईल.