खेळण्यांतील शिसे आणि माल परत मागवण्याचे कायदे

बाजारात विकलेला माल घातक आहे असे कळल्यावर तो उत्पादकाने परत घेणे, बदलून वा दुरुस्त करून देणे किंवा त्याचे पैसे चुकते करणे, याला व्यापारात रिकॉल म्हणतात. मालात अमुक रसायन अमुक प्रमाणापेक्षा जास्त नसावे, असे बंधन विक्रीपूर्वीच घालणे हा दुसरा उपाय. कायद्याच्या पुस्तकात दुसरा उपाय आधी येतो. इतिहासात मात्र माल परत मागवण्याची वेळ आल्यावरच मर्यादा कडक झालेल्या दिसतात. खेळण्यांवरील रंगातले शिसे हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. त्याचा निर्णायक टप्पा म्हणजे २००७ साल, ठिकाण अमेरिका आणि चीन.

रंगात शिसे चुकून पडत नाही, घातले जाते. शिशाच्या क्रोमेटमुळे पिवळा आणि नारिंगी रंग चमकदार येतो, शिशाच्या ऑक्साइडमुळे शेंदरी छटा येते आणि शिशाची काही संयुगे रंग लवकर वाळवतात. शिवाय हा सारा मसाला स्वस्त. मुलांच्या पोटात तो कसा जातो हे ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे डॉक्टर जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच लिहून ठेवले होते. व्हरांड्याच्या कठड्यांवरचा रंग उन्हाने भुकटी होऊन मुलांच्या हाताला लागतो आणि हातावाटे तोंडात जातो, असे त्यांनी दाखवले. मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते. परिणाम मुख्यतः मेंदूवर होतो आणि झालेली हानी भरून येत नाही. रक्तातील शिशाचे निर्धोक म्हणावे असे कोणतेही प्रमाण नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र आयोग स्थापन झाला. वजनाच्या ०.०६ टक्क्यांहून अधिक शिसे असलेला घरगुती रंग आणि असा रंग दिलेली खेळणी यांवर त्याने १९७८ पासून बंदी घातली. म्हणजे २००७ साली जे सापडले ते एकोणतीस वर्षे बेकायदेशीरच होते. कायदा होता, पाहणारे नव्हते. १९८० च्या सुमारास आयोगात हजाराच्या आसपास माणसे होती, २००७ पर्यंत ती चारशेच्या घरात आली. याच काळात खेळण्यांचे उत्पादन चीनमध्ये गेले.

पहिला इशारा २००६ च्या फेब्रुवारीत मिळाला. मिनियापोलिसमध्ये चार वर्षांच्या मुलाने रीबॉक कंपनीने बुटांबरोबर फुकट दिलेल्या ब्रेसलेटचे हृदयाच्या आकाराचे पदक गिळले आणि तो दगावला. ते पदक जवळजवळ निव्वळ शिशाचे निघाले. पुढच्या महिन्यात कंपनीने सुमारे तीन लाख ब्रेसलेट परत मागवली. मग जून २००७ मध्ये आरसी२ कंपनीने ‘थॉमस अँड फ्रेंड्स’ मालिकेतील सुमारे १५ लाख लाकडी इंजिने आणि डबे परत मागवले. त्यांत जेम्स नावाचे लाल इंजिन होते. ही खेळणी जानेवारी २००५ पासून विकली जात होती, म्हणजे जाहीर सूचना निघाली तेव्हा काही मुले अडीच वर्षे ती हाताळत, चोखत होती. खेळणी परत पाठवणाऱ्यांना कंपनीने भेट म्हणून आणखी एक डबा धाडला. सप्टेंबरमध्ये दुसरी यादी जाहीर झाली, तेव्हा त्यात त्या भेटीच्या डब्याचाही समावेश निघाला. याहून कडू विनोद या विषयात दुसरा नाही.

२ ऑगस्ट २००७ रोजी मॅटेल या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या खेळणी कंपनीने फिशर-प्राइस छापाची सुमारे १५ लाख खेळणी परत मागवली. त्यांपैकी ९ लाख ६७ हजार अमेरिकेतली होती. माल फोशान शहरातील ली डर कारखान्यातला. या कारखान्याला रंग पुरवला होता मालकाच्या जवळच्या मित्राने. चिनी सरकारने निर्यातीचा परवाना काढून घेतला आणि ११ ऑगस्टच्या सुमारास झांग शुहाँग या कारखानदाराने आत्महत्या केली. तीन दिवसांनी मॅटेलची दुसरी घोषणा आली. तिच्यात शिशाच्या रंगाच्या मोटारी होत्याच, पण बहुतांश वाटा, जगभर १ कोटी ८२ लाख नग, सुटून पडणाऱ्या बारीक चुंबकांच्या खेळण्यांचा होता. पोटात दोन चुंबके गेली की मधले आतडे चिमटून त्यांना एकमेकांना चिकटायला वेळ लागत नाही. हा दोष चिनी कामगाराचा नव्हता, अमेरिकेतल्या आराखड्याचा होता. २१ सप्टेंबरला बीजिंगमध्ये मॅटेलचे कार्यकारी उपाध्यक्ष थॉमस डेब्रॉव्स्की यांनी चिनी अधिकाऱ्यांची माफी मागून तसे कबूल केले. वर्तमानपत्रांनी तोवर सगळे पाप ‘मेड इन चायना’ या तीन शब्दांच्या माथी मारून टाकले होते.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातील प्रकरण शिशाचे नाही, तरी या नोंदीत त्याला जागा हवी. ऑस्ट्रेलियात ‘बिंडीझ’ आणि अमेरिकेत ‘ॲक्वा डॉट्स’ या नावाने विकले जाणारे रंगीत मणी पाणी शिंपडले की एकमेकांना चिकटत आणि त्यांची चित्रे होत. ते गिळलेले एक मूल बेशुद्धावस्थेत सिडनीच्या बालरुग्णालयात आले. तेथील जैवरसायनज्ञ केव्हिन कार्पेंटर यांना मुलाच्या लघवीत जीएचबी हे गुंगीचे औषध सापडले. मुलाला कोणी औषध चारले, अशी शंका घ्यायची की खेळणे तपासायचे? त्यांनी मणी तपासले. चिकटपणासाठी ठरलेले १,५-पेंटेनडायॉल हे निरुपद्रवी रसायन न वापरता कारखान्याने १,४-ब्युटेनडायॉल वापरले होते. ते बरेच स्वस्त मिळते आणि पोटात गेले की शरीरच त्याचे जीएचबी बनवते. एकट्या अमेरिकेत ४२ लाख नग परत मागवावे लागले. बंदी असलेल्या रसायनांची यादी कितीही लांब केली तरी यादीत नसलेले रसायन तिच्यातून निसटतेच, हे या मण्यांनी दाखवून दिले. नाव, मात्रा, मर्यादा अशा रकान्यांनी चालणाऱ्या कायद्याचा हा मूळचा दुबळेपणा आहे.

१४ ऑगस्ट २००८ रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीने अमेरिकेचा सुधारित कायदा आला. प्रतिनिधिगृहात त्याच्या विरोधात फक्त एक मत पडले. रंगातील शिशाची मर्यादा ६०० पीपीएमवरून (दशलक्ष भागांत ६०० भाग) ९० वर आली. रंगाखालच्या प्लॅस्टिक, लाकूड, धातूसाठी ती टप्प्याटप्प्याने खाली आणून १४ ऑगस्ट २०११ पासून १०० पीपीएम झाली. प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट गटातील रसायनांवर ०.१ टक्क्याचे बंधन आले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचा माल त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय विकता येईना, आणि प्रत्येक नगावर तो कोठे, केव्हा बनला याची खूण बंधनकारक झाली. माझ्या मते यातली त्रयस्थ तपासणी हीच खरी सुधारणा; ९० हा आकडा तिच्याशिवाय शोभेचा ठरला असता.

घाईत केलेल्या कायद्याचे जाच मागाहून कळतात. जुन्या छपाईच्या शाईत शिसे असू शकते म्हणून १९८५ पूर्वीच्या बालपुस्तकांचे करायचे काय, या पेचात ग्रंथालये आणि रद्दीवाले सापडले. घरी लाकडी खेळणी घडवणाऱ्यांना एकेका नगाच्या तपासणीचा खर्च झेपेना. २०११ च्या दुरुस्तीने साध्या पुस्तकांना आणि थोडा माल करणाऱ्यांना सवलती मिळाल्या. दुसरीकडे शिशावर पाळत बसताच स्वस्त दागिन्यांत कॅडमियम दिसू लागले. जून २०१० मध्ये मॅकडोनाल्ड्सने ‘श्रेक’ची चित्रे असलेले सुमारे १ कोटी २० लाख काचेचे पेले परत मागवले, ते चित्राच्या रंगातील कॅडमियममुळे.

माल परत मागवला म्हणजे परत आला असे नव्हे. अमेरिकेत दोष कळल्यापासून २४ तासांत कंपनीने आयोगाला कळवायचे असते आणि बहुतेक रिकॉल कंपनीच्या राजीखुशीने, आयोगाशी बोलून होतात. दुकानात आणि गोदामात पडलेला माल लगेच उचलला जातो. घरांत गेलेला मात्र बहुधा तिथेच राहतो. २०१७ मध्ये आयोगाने या विषयावर भरवलेल्या कार्यशाळेत मांडलेल्या आकड्यांनुसार ग्राहकांच्या हाती गेलेल्या मालापैकी जेमतेम ६ टक्क्यांची भरपाई वा दुरुस्ती होते. पत्ता ठाऊक नसलेल्या ग्राहकाला वर्तमानपत्रातल्या चौकटीतून गाठायचे, तेही दोनशे रुपयांच्या खेळण्यासाठी, हे अवघडच.

भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी ९० पीपीएमचा नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी निघाला आणि वर्षाने लागू झाला. त्याआधी मानक होते, सक्ती नव्हती. दिल्ली, मुंबई आणि चेन्नईच्या बाजारातील ब्रँड नसलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या खेळण्यांत शिसे व कॅडमियम असल्याचे २००७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले होते. तरी खेळण्यांवर आयएसआय चिन्हाची सक्ती यायला १ जानेवारी २०२१ उजाडले. आयएस ९८७३ या मानकाच्या तिसऱ्या भागातली चाचणी पाहण्यासारखी आहे. खेळण्यावरचा रंग खरवडून त्याची भुकटी करतात आणि ती शरीराच्या तापमानाच्या, म्हणजे ३७ अंशांच्या, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर हलवत व तासभर तशीच ठेवतात. मुलाच्या जठरातली स्थिती काचेच्या भांड्यात उभी करायची आणि किती शिसे सुटते ते मोजायचे. अमेरिकेचा नियम रंगात एकूण शिसे किती आहे हे पाहतो, हा नियम आम्लात सुटते किती ते पाहतो. दोन्हींत ९० हाच आकडा असला तरी मोजमाप एक नाही.

हस्तकला आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांचा माल या सक्तीतून वगळलेला आहे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या धंद्याला असा दिलासा हवाच, पण सवलत चिन्हापुरती असावी. निर्धोक रंग स्वस्तात पुरवण्याची जबाबदारी हस्तकला खात्याने उचलली तर कारागिराचेही नुकसान नाही.

माल परत मागवण्याचे अधिकार २०१६ च्या भारतीय मानक ब्युरो कायद्यात आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २० मध्ये आहेत. दुसऱ्या कायद्याखालील केंद्रीय प्राधिकरणाने २०२२ मध्ये ऑनलाइन विकलेले आयएसआयविना प्रेशर कुकर परत घ्यायला लावले. त्याआधीचे गाजलेले प्रकरण शिशाचेच, पण खाद्यपदार्थातले: जून २०१५ मध्ये मॅगी नूडल्सवर देशभर बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी ती रद्द केली, कारण कंपनीचे म्हणणे ऐकून घेतले नव्हते आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना त्या तपासणीसाठी रीतसर मान्यता नव्हती. न्यायालयाने नेमलेल्या तीन प्रयोगशाळांत शिसे २.५ पीपीएमच्या मर्यादेत निघाले. ग्राहक अजूनही विचारतात की मॅगीत शिसे होते की नव्हते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नसल्या की हा प्रश्न कायमचा लोंबकळतो.

परदेशी मराठी घरांशी या विषयाचा संबंध देव्हाऱ्यातून येतो. मारुतीला आणि गणपतीला लावायचा जुन्या पद्धतीचा शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइडच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिंदुरातील शिशाबद्दल इशारे दिले आहेत. न्यू जर्सीतील दुकाने आणि मुंबई-दिल्ली येथून घेतलेल्या ११८ नमुन्यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही पुड्यांत शिशाचे प्रमाण फारच मोठे निघाले. पुडीवर ‘खाण्यासाठी नाही’ असे छापून विक्रेता सुटतो. पूजेनंतर मुलाच्या कपाळाला आणि तिथून बोटाला लागलेला शेंदूर त्या ओळीने थांबत नाही.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आहे आणि त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतात आहेत. खेळणी हा त्याचा एक वाटा. जुन्या बॅटऱ्यांची भट्टी, भेसळीचे मसाले हे इतर.

खेळणे घेताना आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर टाकला की परवाना कोणाचा व चालू आहे की नाही ते कळते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.