मुंबईत दोघांची संध्याकाळ कशी आखावी?

मुंबईत जोडप्याने संध्याकाळ आखताना सुरुवात शेवटच्या लोकलपासून करावी. रात्री एकच्या सुमारास लोकल थांबतात, त्या पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. मधल्या वेळेत टॅक्सी किंवा रिक्षा, तीही मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत २५ टक्के जादा भाड्याने. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत.

नाटक बघायचे असेल तर जेवण नंतर ठेवावे. जुहूचे पृथ्वी थिएटर (१९७८) जेमतेम दोनशे खुर्च्यांचे आहे आणि प्रयोग सुरू झाल्यावर तिथे आत सोडत नाहीत. सिग्नलला अडकलो, ही सबब चालत नाही.

खिसा हलका असेल तर मरीन ड्राइव्हचा कट्टा आहेच. घरात दोन खोल्या आणि सहा माणसे असतील, तर निवांत बोलायला तेवढीच जागा उरते. इथे मात्र अनेकांना पोलिसांची धास्ती वाटते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ११० सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाबद्दल आहे. शेजारी बसून गप्पा मारणे हा गुन्हा नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-अक्सा परिसरातल्या हॉटेलांतून सुमारे चाळीस जोडप्यांना पकडून याच कायद्याखाली प्रत्येकी १,२०० रुपये दंड केला गेला. हॉटेलची बंद खोली सार्वजनिक कशी, हा प्रश्न तेव्हा रास्तपणे विचारला गेला. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ओळखपत्र मात्र जवळ ठेवावे.