जुन्या कारचा फिकट रंग घरी उजळवताना: पॉलिश नेमकं काय करतं?

आमची लाल मारुती 800 सोलापुरात 2009 पासून घरासमोर उघड्यावर उभी असते. पंधरा वर्षं झाली, पुन्हा पासिंग करायची वेळ आली, तोवर बॉनेट आणि टप फिकट गुलाबी झाले होते. बाबा म्हणाले, "आता हिच्यावर पैसे घालण्यापेक्षा भंगारात देऊ." इंजिन चांगलं होतं, पण पूर्ण रंगकामाचा आकडा गाडीच्या किमतीच्या जवळ जात होता. मी बाबांकडून दोन शनिवार-रविवार मागून घेतले.

सुरुवातीला माझाही समज होता की पॉलिश म्हणजे रंगावर काहीतरी चढवायचं. प्रत्यक्षात उलट असतं. रबिंग कंपाउंड आणि पॉलिश, दोन्हींमध्ये बारीक घासणारे कण असतात आणि ते रंगाचा वरचा थर काढून टाकतात. ओरखडा भरला जात नाही, त्याच्या आजूबाजूचा रंग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. आता हिशेब बघा. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन रंग असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. म्हणजे दीड-दोन केसांच्या जाडीत गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि बहुतेक गाड्यांवर त्यावरचा पारदर्शक क्लिअर कोट, एवढं सगळं बसवलेलं असतं. त्यातला क्लिअर कोट जेमतेम 35 ते 50 मायक्रॉन. घासायला मिळतो तो यातलाच थोडासा भाग, आणि इथे अनडू नाही.

आधी रंग ओळखा

पांढऱ्या फडक्यावर थोडं कंपाउंड घेऊन कोपऱ्यात हलकं घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही, रंगच सगळ्यात वरचा थर आहे. आमचा फडका लालभडक झाला आणि मला बरं वाटलं, कारण असा रंग उन्हाने वरच्या वर खराब होतो. अतिनील किरणांनी रंगाचे कण धरून ठेवणारं रेझिन तुटतं, पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि प्रकाश विखुरल्यामुळे लाल रंग गुलाबी दिसतो. ती मेलेली साय काढली की खाली बऱ्याचदा चांगला रंग सापडतो.

फडका पांढराच राहिला तर तुम्ही क्लिअर कोट घासताय. आणि तो कोट पापुद्र्यांसारखा सुटत असेल तर पॉलिशचं काम संपलं. तिथे घासून फक्त पापुद्रा मोठा होतो, तो भाग नव्याने रंगवावाच लागतो.

ओरखड्यावर पाणी टाका. ओला असताना तो दिसेनासा झाला तर वरवरचा आहे, पॉलिशने जाईल. नख आडवं फिरवल्यावर अडकलं तर खोल आहे, त्याच्यामागे लागू नका. आत राखाडी किंवा पत्रा दिसत असेल तर टच-अप.

काम

गाडी सावलीत आणि पत्रा गार हवा, नाहीतर कंपाउंड लगेच वाळतं. धुताना दोन बादल्या घ्या: एकीत शाम्पू, दुसरीत फडका खळबळायला साधं पाणी. निम्मे बारीक ओरखडे गाडी रोज कोरड्या कापडाने पुसल्यामुळेच पडलेले असतात. बोअरचं पाणी गाडीवर वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. धुतल्यावरही हात फिरवला की खरखर लागत असेल तर शाम्पूचं पाणी मारत क्ले बार फिरवायचा. पडलेली क्ले पुन्हा वापरायची नाही.

मग कंपाउंड. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन, मायक्रोफायबर किंवा फोमचा पॅड, मध्यम दाब, पुसून बघायचं, गरज असेल तरच पुन्हा. हाताने घासलं की वेळ फार जातो, खांदे भरून येतात, पण चूक होणं अवघड असतं. मशीन घेणार असाल तर ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर घ्या. घरातल्या ग्राइंडरला पॅड लावून बघायचा मोह टाळा, तो एकाच जागी इतकी उष्णता करतो की रंग जळतो.

दुसऱ्या रविवारी मी मशीन भाड्याने आणलं आणि घाईत बॉनेटच्या कडेवरून नेलं. कडांवर रंग मुळातच पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब त्या रेषेवर येतो. दोन-तीन सेकंदांत रुपयाच्या नाण्याएवढा राखाडी प्रायमर दिसला. बाबा शेजारीच उभे होते. "झालं का मनासारखं?" एवढंच म्हणाले. म्हणून सांगतो, कडा आणि घड्यांवर आधी मास्किंग टेप लावा आणि तो भाग शेवटी हाताने करा.

कंपाउंडनंतर बारीक पॉलिश, आणि मग फोनचं काम. टॉर्च पृष्ठभागाला तिरका धरा, सरळ उजेडात न दिसणारे गोल ओरखडे लगेच दिसतात. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच वेळी, एकाच कोनातून काढा आणि स्क्रीनवर दाबून धरून एक्सपोजर लॉक करा. नाहीतर कॅमेरा स्वतःच रंग उजळवतो आणि आपण स्वतःलाच फसवतो.

दुसरी फसवणूक बाटलीतली. ओरखडे घालवणाऱ्या बऱ्याच स्वस्त क्रीममध्ये तेल आणि फिलर असतात. ते ओरखडा झाकतात आणि दोन-चार धुण्यांत तो परत दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये निम्मं पाणी घालून पुसलं की खरा निकाल समोर येतो. रॉकेल किंवा डिझेलने पुसून येणारी चमकही अशीच, तेलाची. टूथपेस्ट घासते खरी, पण तिचे कण गाडीच्या रंगासाठी बनवलेले नसतात.

माझ्या राखाडी डागासाठी बॉनेटखालच्या पट्टीवरचा कलर कोड पाहून तोच टच-अप रंग आणला आणि बारीक ब्रशने तीन पातळ थर दिले, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. लक्ष देऊन पाहिलं तर ठिगळ दिसतं. दाराच्या खालच्या कडेला आलेले फुगे मात्र तसेच आहेत. तो आतून आलेला गंज आहे, त्याला पत्रा घासून, प्रायमर मारून, लांबी भरून मगच रंग. ते काम मी गॅरेजला दिलं.

शेवटी वॅक्स. आता क्लिअर कोटही नाही आणि घासून रंग आणखी पातळ झालाय, त्यामुळे ही पायरी टाळता येत नाही. पाण्याचे गोल थेंब न होता पाणी पसरायला लागलं की वॅक्स संपलं. आमच्या टपावर एप्रिल-मेच्या उन्हात ते दोन महिनेही टिकलं नाही. बाबांनी पासिंगची तारीख घेतली आणि गाडीला कव्हरही आणलं. धुळीवरच कव्हर घातलं की वाऱ्याने तेच रंग घासतं, हे मी त्यांना तीनदा सांगून झालंय. ते म्हणतात, मग रोज धुवायला तू ये.