सेकंडहँड विजेची सायकल

आमच्या घराण्यात कोरं वाहन घ्यायची पद्धत नाही. वडिलांची सायकल जुन्या बाजारातली, माझी चेतक तिसऱ्या मालकाकडून आलेली. आता 1972 साली ही चेतक निघाली आणि पुढे नंबर लावून लोक वर्षानुवर्षे बसले. म्हणून वापरलेली स्कूटर कोऱ्यापेक्षा महाग मिळे! तेव्हा जुनी गाडी घेणं हा श्रीमंती षोक होता, हे मी हिला चाळीस वर्षे पटवतो आहे.

यंदा गुडघ्यांनी संप पुकारला. विजेच्या सायकलीचा विषय काढताच ही म्हणाली, "पेन्शनीतले वीस हजार. वर रुपया मिळणार नाही."

मला वाटे, हे कालपरवाचं खूळ. तर अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थाने 31 डिसेंबर 1895 ला याचं पेटंट मिळवलेलं! मोटर मागच्या चाकाच्या मध्यात, बॅटरी दांड्याखाली. आजही पुष्कळ सायकली तशाच. गाडं अडलं ते बॅटरीपाशी. प्लांते या फ्रेंच माणसाची शिसं-आम्लाची बॅटरी 1859 पासून होती, पण वजन असं की सायकलीने माणसाला न्यायचं की माणसाने सायकलीला, हा प्रश्नच. 1991 साली हलकी लिथियम बॅटरी बाजारात आली, मग कुठे जमलं.

हा सगळा इतिहास वाचूनही मी बघितलं काय? रंग आणि घंटी!

"एका चार्जिंगला चाळीस किलोमीटर, काका," मालक म्हणाला. सोळा हजार सांगितले. नशिबाने बुद्धी झाली आणि म्हटलं, पूर्ण चार्ज करून द्या, फिरवून आणतो. तिसऱ्या किलोमीटरला बाई मुक्या झाल्या. मोटरसकट ते धूड पायडल मारत परत आणलं तेव्हा गुडघ्यांनी माझा पूर्वज-उद्धार केला.

पण मोटर गोड होती, ब्रेक धड, मूळ चार्जर आणि खरेदीची पावती शाबूत. पावतीवरून बॅटरी पाच वर्षांची निघाली. मोटर 250 वॉटची, वेग 25 च्या आत. म्हणजे लायसन्स नको, पासिंग नको. मी तसाच दुकानात जाऊन याच मापाच्या नव्या बॅटरीचा भाव विचारला : दहा हजार. ते वजा करा म्हटलं. मालक सहावर हसला, आठावर आला.

अठरा हजारांत काम झालं. सध्या ही रोज सायकल मंडईत नेते. रात्री चार्जिंगला लावायचं काम माझ्याकडे आहे.